मिर्याना कारानोविचच्या बोस्नियन बायका

'ग्र्बावित्सा' (२००६) या चित्रपटात एस्मा सारायेवोतल्या गर्दीच्या बसमध्ये उभी असते. अगदी तोंडासमोर एका पुरुषाची उघडी छाती, तिच्यावरचे केस, गळ्यात सोन्याची साखळी. एस्मा काही बोलत नाही. वाट काढत दाराशी जाते आणि उतरते. शेवटाकडे एस्मा महिला केंद्रात सगळं सांगून टाकते, त्या प्रसंगाची वाखाणणी फार झाली. मला मात्र बसमधली मिर्याना कारानोविच त्याहून मोठी नटी वाटते. तोंडाने सांगायच्या आधीच तिच्या अंगाने सगळं सांगितलेलं असतं.

दिग्दर्शिका यास्मिला झ्बानिच हिचा हा पहिलाच कथापट, आणि बर्लिनमध्ये त्याने थेट सुवर्ण अस्वल पटकावलं. एस्माला मुलीच्या सहलीसाठी २०० युरो जमवायचे आहेत. बाप शहीद झाल्याचा दाखला दिला तर सवलत आहे, पण असा दाखला मिळणारच नाही. मुलगी बोस्नियातल्या युद्धात, छावणीतल्या बलात्कारातून झालेली. कारानोविच ही गोष्ट दुःखाच्या नव्हे, दमणुकीच्या अंगाने उभी करते. नाइट क्लबात रात्रपाळी, घरी आल्यावर मासे तळणं, उसनवारी. मुलीशी लाडाची झोंबाझोंबी चालू असताना मुलगी वर बसून हात दाबते, आणि क्षणात आईचा आवाज बदलतो.

कारानोविच बेलग्रेडची, म्हणजे सर्बियाची. सर्ब सैन्याने वेढलेल्या शहरातली बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) आई तिने करावी, हे दोन्हीकडे अनेकांना रुचलं नव्हतं. बोस्नियाचाच सर्बबहुल भाग असलेल्या रिपब्लिका सर्प्स्कात वितरकाने चित्रपट लावायलाच नकार दिला. खरं तर बोस्नियन आई तिने त्याच्या वीस वर्षं आधीच केली होती. दिग्दर्शक कुस्तुरिकाच्या 'ओताच ना स्लुझ्बेनोम पुतू' (१९८५) मध्ये युगोस्लाव्हियाचा टिटो आणि सोव्हिएत संघाचा स्टालिन यांच्या बेबनावाच्या काळात नवरा मजूर छावणीत जातो, आणि बायको सेना पोरांना घेऊन द्रिना नदीकाठच्या झ्वोर्निकला जाते. कान महोत्सवात पाम दोर मिळवणारा हा चित्रपट आज पाहताना अंगावर काटा येतो, कारण त्याच झ्वोर्निकमधून १९९२ साली बोस्नियाकांना हाकलून लावलं गेलं.

'दास फ्रॉयलाइन' (२००६) मध्ये विस्थापन वेगळं आहे. झुरिकमध्ये कँटीन चालवणारी रुझा युद्धाच्या कितीतरी आधी बेलग्रेड सोडून आलेली. पैसे मोजणं हाच तिचा विरंगुळा. सारायेवोहून आलेली तरुण आना तिच्या शिस्तीला सुरुंग लावते. अंद्रेया श्टाकाच्या या चित्रपटाला लोकार्नोचा सुवर्ण बिबट्या मिळाला. आनाला आजारी दाखवणं मला पटकथेची सोय वाटते. रुझाचा ताठ कणा मात्र पटकथेने दिलेला नाही, तो कारानोविचचा.

तिच्यानंतर काय? आयदा बेगिचच्या 'ड्येत्सा' (२०१२) मध्ये मारिया पिकिचची रहिमा हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबते, धाकट्या भावाला सांभाळते. कॅमेरा बराच वेळ तिच्या पाठीमागूनच चालतो. झ्बानिचच्या 'क्वो वादिस, आयदा?' (२०२०) मध्ये यास्ना जुरिचिच, तीही सर्बियाची, स्रेब्रेनित्सातल्या हत्याकांडाच्या वेळच्या दुभाषीच्या भूमिकेत अखंड धावत असते. दोन्ही भूमिका अस्सल. पण ओझं पुन्हा बाईच्याच खांद्यावर, पुरुष मेलेला नाहीतर निकामी, हा साचा पक्का होत चालला आहे. महोत्सवांना सोसणारी बाई आवडते, असा संशय येतो.

हा साचा मोडण्याचं धाडसही कारानोविचनेच केलं. 'दोब्रा झेना' (२०१६) हा तिचा दिग्दर्शिका म्हणून पहिला चित्रपट; मुख्य भूमिकाही तिचीच. सर्बियातल्या मिलेना या सुखवस्तू गृहिणीला घर आवरताना एक व्हिडिओ टेप सापडते: नवरा आणि त्याचे मित्र बोस्नियात निःशस्त्र माणसांना मारताहेत. नवऱ्याच्या भूमिकेतला बोरिस इसाकोविच पुढे 'आयदा'त बोस्नियन सर्ब सेनापती म्लादिच झाला. चित्रपट जागोजागी अवघडलेला आहे, मिलेनाच्या शरीरातल्या गाठीचं प्रतीक तर फारच ढोबळ. तरी जेवणाच्या टेबलाशी त्याच मित्रांना वाढणारी मिलेना पाहताना कळतं की एस्माच्या गोष्टीचं दुसरं टोक इथे आहे. त्या टोकाकडून बोलणारे चित्रपट सर्बियात आजही मोजकेच निघतात.