'गुलामगिरी': अर्पणपत्रिकेच्या पुढे

महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी तेथील ज्या सज्जनांनी निःस्वार्थपणे झीज सोसली, त्यांना ते अर्पण केले आहे. शूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. ११ एप्रिलच्या भाषणांत तिचा उल्लेख हटकून येतो. टाळ्या पडतात आणि वक्ता खाली बसतो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील उर्दू शाळांचे शिक्षक हे पुस्तक मराठीतून वाचतो, तेव्हा वाटते की वाचन तिथे थांबू नये. गुलामी कायद्याने गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न त्यापुढचा आहे.

अमेरिकेत राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने १८६५ साली गुलामी बंद झाली. पण त्याच दुरुस्तीत एक अपवाद राहिला. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल, असे त्यात म्हटले होते. दक्षिणेतील राज्यांनी ही फट बरोबर हेरली. बेकार फिरणे हाच गुन्हा ठरवून काळ्या माणसांना पकडायचे आणि कैदी मळेवाल्यांना, खाणवाल्यांना भाड्याने द्यायचे, असा व्यवहार सुरू झाला. मुक्त झालेल्यांसाठी शाळा काढणारे, त्यांचे मजुरीचे करार पाहणारे सरकारी खाते १८७२ साली बंद झाले. म्हणजे 'गुलामगिरी' छापून होण्याआधीच. १८७७ नंतर दक्षिणेत केंद्राच्या सैन्याचा आधार राहिला नाही. १८७० साली मिळालेला मताचा हक्क पुढे मतदान-कर आणि साक्षरतेची परीक्षा लावून हिरावला गेला. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले. शाळांतील वेगळेपणा बेकायदा ठरायला १९५४ साल उजाडले आणि मताच्या हक्काला खरे संरक्षण १९६५ च्या कायद्याने मिळाले.

मग जोतीरावांची स्तुती भाबडी होती काय? अर्पणपत्रिका तेवढी वाचली तर तसे वाटेल. तिच्यात मुक्ती देणाऱ्यांचे आभार आहेत. मुक्तीसाठी स्वतः लढलेल्या गुलामांचे नाव नाही. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे सैनिक होते आणि फ्रेडरिक डग्लससारखा गुलामीतून पळून आलेला माणूस या चळवळीचा मोठा वक्ता होता. ही उणीव आम्हांला जाणवते. पण पान उलटले की धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद सुरू होतो आणि तिथे दाता मागे पडतो. ज्याच्यावर गुलामी लादली, तो प्रश्न विचारू लागतो. सोळा भागांच्या या संवादात साखळदंड फारसे दिसत नाहीत; दिसतात त्या पोथ्या, अवतारकथा, कुलकर्ण्याचे दप्तर आणि सरकारी खाती. पेशवाई गेली तरी लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांच्याच हाती राहिली, हे जोतीराव दाखवतात. मुक्तीनंतरची गुलामी कशी चालते, याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या गावच्या चावडीवरच शोधले होते.

म्हणून 'गुलामगिरी'च्या शेजारी १८८२ सालचे हंटर आयोगापुढील त्यांचे निवेदन ठेवून वाचावे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पगार बरा द्या, मोडी-बाळबोध, हिशेब आणि शेतीचे ज्ञान द्या, अशा मागण्या त्यात आहेत. महार-मांगांची मुले शाळेबाहेर का, याचे कारण जातिद्वेष, असे ते स्पष्ट सांगतात.

मुसलमानांवर मात्र तिथे दोन-तीनच वाक्ये आहेत. ते या शाळांपासून दूर राहतात, मराठी-इंग्रजीची त्यांना विशेष गोडी नाही, त्यांच्या भाषेच्या शाळा थोड्या आहेत, एवढेच. महार-मांगांच्या बाबतीत विचारलेला 'का' इथे गळून पडला आहे. पैगंबरांवर आदराने कविता लिहिणाऱ्या जोतीरावांविषयी आमच्या मनात आकस नाही. परंतु पिंजारी, बागवान, कसाई यांची मुले मजुरीला का जात होती, हा प्रश्न गोडीचा नव्हता, पोटाचा होता. टीका करायची तर इथे करावी, आणि तीही जोतीरावांच्याच पद्धतीने, कारण विचारून.

हाच 'का' आपल्या जिल्ह्यात विचारून पाहावा. 'गुलामगिरी'च्या दोनच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणूस जन्मानेच गुन्हेगार ठरू लागला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. पुढे १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावरचा शब्द बदलला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारधी बेड्याकडे वळते. तुरुंगात जातीनुसार कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साल लागले. अमेरिकेतील तेराव्या दुरुस्तीचा अपवाद आणि आपल्याकडचा हा शिक्का, दोन्हींत गुन्ह्याच्या नावाखाली जुनीच गुलामी पुढे चालते.

आणि हे केवळ इतरांचे दुःख नाही. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत आणि त्यांत मुसलमानही आहेत. हबशी गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, याचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाच. पण एक माणूस वर चढला म्हणून त्याची सगळी जमात सुटत नाही. छप्परबंदाच्या घरातील मुलीला जातीचा दाखला मिळतो काय, ती दहावीपर्यंत टिकते काय, यावर आपल्या कथाकारांनी किती लिहिले? 'उपरा' आणि 'उचल्या' ही आत्मकथने विमुक्त-भटक्यांनी मराठीला दिली. त्या रांगेत आपली जागा अजून रिकामी दिसते.

येत्या ११ एप्रिलला शाळेत बोलायचे असेल तर अर्पणपत्रिकेसोबत १८८२ च्या निवेदनातील आपल्याविषयीची ती दोन-तीन वाक्येही मुलांपुढे वाचावीत. मग मुलांनाच विचारावे, असे का? उत्तरे त्यांच्याच घरांतून येतील, आणि ती मराठीतही लिहून घ्यावीत.