फुलांची दरी आणि तिचे नाव

फ्रँक स्माइथ यांचे ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक १९३८ साली प्रसिद्ध झाले. हिमालयावरील बहुतेक प्रवासग्रंथ प्रदेशाचे वर्णन करून थांबतात. या ग्रंथाने प्रदेशाला नावच दिले. गढवालमधील भ्यूंदर खोऱ्याचा वरचा भाग आज सरकारदरबारीही ‘फूलों की घाटी’ आहे. म्हणून या पुस्तकातील वर्णनाबरोबर त्याच्या शीर्षकाचेही परीक्षण करणे प्राप्त आहे.

१९३१ च्या जुलैत कामेत शिखर सर करून परतताना स्माइथ व त्यांचे सोबती गमसालीहून भ्यूंदर खिंड ओलांडून या खोऱ्यात उतरले. पाऊस व धुके यांतून आलेल्या त्या गिर्यारोहकांना पाऊल ठेवण्यास जागा नाही इतकी फुले दिसली. १९३७ मध्ये स्माइथ मुख्यतः त्या फुलांसाठी परत आले. या वेळी त्यांनी कुआरी खिंडीची पायवाट धरली, आणि त्या चालीचा गुण लेखनात उतरला आहे. उंचीबरोबर झाडे बदलतात, झाडांबरोबर लेखकाची वृत्ती बदलते. खसखशीच्या कुळातील निळे फूल असो वा खडकाच्या भेगेतील प्रिम्युला, ते कोठे आणि कशाच्या आधाराने उगवते हे सांगितल्याखेरीज ते पुढे जात नाहीत. त्यांचे सौंदर्यवर्णन भाबडे वाटत नाही याचे कारण हेच.

त्यांची चिकित्सक दृष्टी हिममानवाच्या प्रकरणात अधिक स्पष्ट दिसते. बर्फातील ठसे सोबतच्या शेर्पांना हिममानवाचे वाटले. स्माइथ यांनी ते मोजले, त्यांची छायाचित्रे घेतली, आणि ते अस्वलाचे असल्याचे दाखवून दिले. परंतु एक दंतकथा मोडणाऱ्या याच लेखकाने दुसरी रचली. या खोऱ्यात उन्हाळ्यात मेंढरे चरत. मेंढपाळ पुस्तकात भेटतात, नाही असे नाही. पण शीर्षकात त्यांना जागा उरली नाही. अस्वलाच्या पावलांचा माग काढणाऱ्या लेखकाला मेंढरांच्या पावलांचे महत्त्व तितकेसे जाणवले नाही.

आम्हां कारकुनांना याचे नवल वाटू नये. फाइलीवर विषय एकदा लिहिला गेला की पुढची सारी टिपणे त्याच विषयाखाली लागत जातात. येथे तसेच घडले. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, चराई बंद झाली. २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. संरक्षण मिळाले हा लाभ थोडा नव्हे. परंतु चराई थांबल्यावर पॉलिगोनम, स्थानिक भाषेत अमेला, ही वनस्पती फोफावून लहान फुलांना झाकू लागली असे काही अभ्यासकांचे मत आहे. इतरांना ते मान्य नाही. वनखात्याला मात्र ती उपटावी लागते. ज्या फुलांसाठी खोरे राखले, त्यांना मेंढरांचे चरणे मारक होते की तारक, हा प्रश्न त्या शीर्षकात मावत नाही.

रजा-प्रवास सवलतीचा लाभ घेऊन मी दिल्लीहून तेथे गेलो, तो हे पुस्तक पिशवीत ठेवूनच. मोटाररस्ता आता गोविंदघाटच्याही पुढे पुलन्यापर्यंत जातो. तेथून घांघरियापर्यंत पायवाट, आणि दुसऱ्या दिवशी दरी. आत मुक्कामास परवानगी नाही. स्माइथ यांनी आठवडे काढले तेथे आपल्याला काही तास मिळतात. जूनचा आरंभ होता. ओढ्यांवर बर्फ होते, फुले तुरळक. बरोबरचे एक गृहस्थ फसवणूक झाल्यासारखे परत फिरले. खोऱ्याने त्यांना फसविले नव्हते. बहर जुलै-ऑगस्टचा असतो. त्यांना फसविले ते नावाने. त्या बहरात तेथे आपल्या तेरड्याचा एक भाऊबंद माणसाच्या उंचीने वाढतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे आपल्याला घरीच शिकविलेले असते. शीर्षकाला ते ठाऊक नाही.

एवढे असूनही हे पुस्तक वाचावे, आणि शक्य तर जाण्यापूर्वी वाचावे. त्यात फुले आहेत तशी धुके, पाऊस आणि चढही आहेत. शीर्षकाने जे झाकले ते पुष्कळसे आतल्या पानांनी राखले आहे. पुढेमागे कोणी त्याचा मराठी अनुवाद हाती घेतल्यास मुखपृष्ठावर शीर्षकाखाली ‘भ्यूंदर’ हा शब्दही छापावा, एवढीच सूचना.