मेक्सिकन माणूस : एक कल्पित पात्र

आपल्या दारावरच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. दसरा-दिवाळीला त्याच्या राशी आपल्या बाजारात येतात, आणि साधारण त्याच दिवसांत, नोव्हेंबरच्या १ व २ तारखांना, मेक्सिकोतील गावोगावी त्याच फुलाच्या पाकळ्यांची वाट घराच्या उंबऱ्यापर्यंत घातली जाते. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या मृतांना ती सापडावी म्हणून. घरात गेलेल्यांच्या तसबिरी, मेणबत्त्या, त्यांच्या आवडीचे पदार्थ, गोड पाव आणि साखरेच्या कवट्या मांडतात. ज्या घरात सर्वपित्रीला पान वाढले जाते त्या घरातील माणसाला यात फारसे परके वाटण्याचे कारण नाही. परंतु हा सण पाहून आलेला प्रवासी आपल्याला निराळेच काही सांगतो. मेक्सिकन माणूस म्हणे मृत्यूला भीत नाही, त्याच्या गळ्यात हात टाकून तो नाचतो. हा त्या राष्ट्राचा स्वभावच आहे!

हा स्वभाव आला कोठून? मला विचाराल तर स्मशानापेक्षा पुस्तकांतून आणि चित्रांतून अधिक. होसे ग्वादालुपे पोसादा नावाचा एक छापखान्यातील चित्रकार १९१३ साली दारिद्र्यात मेला. बड्या घरांच्या थाटाची नक्कल करणाऱ्यांची टर उडवण्यासाठी त्याने फुलांची टोपी घातलेल्या एका हाडकुळ्या बाईचे चित्र कोरले होते. पुढे दिएगो रिवेराने १९४७ च्या आपल्या भित्तिचित्रात तिला पायघोळ झगा नेसवून मधोमध उभे केले, आणि ती जणू राष्ट्राची कुलदेवता झाली. याहून मौज पुढेच आहे. २०१५ सालच्या एका जेम्स बाँडपटात मेक्सिको शहरात या सणाची भव्य मिरवणूक दाखवली. तशी मिरवणूक त्या शहरात निघतच नसे! पण चित्रपट पाहून लोक ती शोधत येतील म्हणून २०१६ पासून ती खरोखरच निघू लागली. राष्ट्रीय स्वभाव म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्यातील किती भाग मातीतला आणि किती नाटकवाल्यांनी शिवून दिलेला, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

मेक्सिकोत तो फार मोठ्या माणसांनी विचारला. १९१० च्या क्रांतीनंतर आपण कोण, या चिंतेने त्या देशातील विचारवंतांना जणू पछाडले. होसे वास्कोन्सेलोस १९२१ ते १९२४ शिक्षणमंत्री होते. त्यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या स्वाधीन केल्या आणि १९२५ मध्ये, सर्व वंशांच्या मिश्रणातून होणारा माणूस हाच उद्याच्या जगाचा माणूस, असे भाकीत लिहिले. १९३४ मध्ये सामुएल रामोस या तत्त्वज्ञाने नेमके उलटे निदान केले; मेक्सिकन माणसाला न्यूनगंडाने ग्रासले आहे, त्याची मर्दुमकीची सगळी आरडाओरड त्या गंडातून येते, असे त्याचे म्हणणे. एकाने आरती ओवाळली, दुसऱ्याने नाडी पाहिली. दोघांनीही एक गोष्ट मात्र गृहीत धरली : ‘मेक्सिकन’ नावाचा एक माणूस आहे.

या माणसाला खरा जीव दिला तो ऑक्टाव्हियो पाझ या कवीने. त्याचे पुस्तक १९५० साली निघाले. नावाचा मराठी अर्थ ‘एकांताचा भुलभुलैया’ असा करता येईल. कोणी ‘चक्रव्यूह’ म्हणेल, पण तो शब्द मला नको वाटतो. चक्रव्यूहात अभिमन्यूभोवती शत्रू तरी असतात. पाझच्या भुलभुलैयात माणसाला त्याच्या स्वतःखेरीज कोणीच भेटत नाही.

पुस्तकाचा आरंभ मेक्सिकोबाहेर, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात होतो. तेथे पाझने मेक्सिकन वंशाची तरुण पोरे पाहिली. लांबलचक कोट, फुगीर विजारी, चालण्यात एक उर्मट झोक. ना ती अमेरिकन, ना मेक्सिकन. आपण वेगळे आहो एवढे ओरडून सांगणारा वेष हीच त्यांची सारी मालमत्ता. त्यांच्याकडे पाहता पाहता पाझला आपल्या देशबांधवाचा चेहरा दिसू लागतो, आणि मग मुखवट्यांचे ते प्रसिद्ध प्रकरण येते. मेक्सिकन माणूस स्वतःला मिटून घेतो, त्याचे मौन मुखवटा आणि त्याचा विनयही मुखवटाच. दुसऱ्यापुढे मन उघडे करणे म्हणजे त्याच्या लेखी पराभव. वर्षभर असा मिटलेला हा माणूस सणाच्या रात्री मात्र फुटतो. गातो, पितो, भांडतो, बंदुका झाडतो, आणि सकाळी पुन्हा मुखवटा चढवतो. पाझचे हे लेखन वाचताना समीक्षकाची लेखणी खाली ठेवावी असे वाटते. वाक्ये अशी की एकेक विधान जणू शतकानुशतके कोणी बोलायचे राहून गेले होते.

आणि येथेच मी थोडा सावध होतो. इतके सुंदर वाक्य खरे आहे की नाही, हे विचारण्याचे भान आपल्याला राहत नाही.

सर्वांत गाजलेले प्रकरण मालिंचेच्या लेकरांविषयी आहे. मेक्सिकोतील एका शिवीवर ते उभारले आहे. ती शिवी घरातील सर्वांच्या हाती पडणाऱ्या दिवाळी अंकात छापता येणार नाही, पण तीत आईची विटंबना आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पाझच्या मते ही विटंबित आई म्हणजे मालिंचे, आणि मेक्सिकन माणूस म्हणजे आईला क्षमा न करू शकलेला तिचा मुलगा. आता ही मालिंचे कोण? १५१९ साली ताबास्कोच्या किनाऱ्यावर स्पॅनिश सेनापती कोर्तेस याला नजराण्यात ज्या वीसेक दासी मिळाल्या, त्यांतील एक मुलगी. तिला नावात्ल आणि माया या दोन्ही भाषा येत. कोर्तेसच्या सैन्यातील एकाला माया आणि स्पॅनिश येत होती. या दोघांच्या तोंडून आस्तेक सम्राट आणि कोर्तेस यांचा संवाद घडला. पुढे ती स्पॅनिशही शिकली, कोर्तेसपासून तिला मार्तीन हा मुलगा झाला. १५२१ मध्ये आस्तेकांची राजधानी पडली. आज मेक्सिकोत परकीयांपुढे लोटांगण घालणाऱ्याला तिच्या नावावरून शिवी दिली जाते.

मी साधा प्रश्न विचारतो. जिला आधीच गुलाम म्हणून देऊन टाकले होते, तिने फितुरी केली ती कोणाशी? तिचे राष्ट्र कोणते होते? मेक्सिको नावाचे राष्ट्र तर तेव्हा जन्मलेच नव्हते! पाझ तिला दोष देत नाही, हे खरे. तो तिच्याविषयी कणवेने लिहितो. पण त्याच्या पानांतून तिची जीभ मात्र कापली जाते. दोन साम्राज्यांमध्ये शब्दांची ने-आण करणारी ती बुद्धिमान बाई त्याच्या हाती केवळ एक जखम होऊन उरते. त्याच्या ‘मेक्सिकन माणसा’त स्त्री कोठे आहे, असे शोधू गेले तर ती पुरुषाच्या दुःखाचे कारण म्हणून तेवढी सापडते. आणि आदिवासी? आज सरकारी गणनेप्रमाणेच त्या देशात ६८ देशी भाषासमूह आहेत. त्या भाषा बोलणाऱ्यांपैकी कोणी पाझच्या पुस्तकात बोलत नाही.

या राष्ट्रीय चेहऱ्याची एक गंमत मराठी वाचकाला सांगितलीच पाहिजे. शिक्षण मंत्रालयाच्या ज्या भिंतींवर रिवेराने १९२३ ते १९२८ या काळात नव्या मेक्सिकोची प्रतिमा रंगवली, तेथे ‘आमची भाकरी’ या अर्थाचे एक चित्र आहे. मेजाभोवती माणसे बसली आहेत, आणि मध्यभागी एक सावळा पुरुष भाकरी मोडतो आहे. तो चेहरा आमच्या वर्ध्याच्या डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा! गदर चळवळीतील हा क्रांतिकारक मेक्सिकोला पोचला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागला, मक्याच्या सुधारित वाणांवर त्याने काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. मेक्सिकन भाकरीच्या यजमानपदी रिवेराला एक वैदर्भी माणूस चालला. त्याला तेथे शोभणारा चेहरा हवा होता, वंशवृक्ष नको होता. चित्रकार कधी कधी तत्त्वज्ञांहून शहाणे असतात ते असे.

एखादा म्हणेल, कवीने देशाचे एक रूपक केले, त्यात एवढे काय बिघडले? काय बिघडते ते १९६८ साली दिसले. पाझ तेव्हा दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत होता. १९६२ पासून तो येथे होता आणि हा देश त्याच्या कवितेत मुरला होता. मेक्सिको शहरात ऑलिंपिक भरायला दहा दिवस उरले असताना, २ ऑक्टोबरला, त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांच्या सभेवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. किती मेले याचा वाद आजही मिटलेला नाही. पाझने निषेध म्हणून राजदूतपद सोडले. साहित्यिकांच्या इतिहासात अशी कृत्ये मोजकीच आहेत, आणि त्या कृत्याला माझा नमस्कार आहे.

पण १९७० मध्ये त्याने आपल्या पुस्तकाला जी पुरवणी जोडली ती वाचून मी अस्वस्थ होतो. आरंभी तो स्वतःच सांगतो की मेक्सिकन हे काही सनातन तत्त्व नव्हे, तो इतिहास आहे. वाटते, आता मुखवटा गळाला. मग हत्याकांडाचा अर्थ लावताना तो आस्तेकांच्या पिरॅमिडकडे वळतो. त्या उतरंडीच्या शिखरावर नरबळी दिले जात. तीच जुनी वेदी, तोच रक्तपिपासू भूतकाळ त्लातेलोल्कोत पुन्हा वर आला, असे तो म्हणतो. १९६४ साली उघडलेल्या मानववंशशास्त्राच्या राष्ट्रीय संग्रहालयावरची त्याची टीका या भागात आहे आणि ती मार्मिक आहे : तेथे सगळे दालनमार्ग आस्तेकांपाशी जाऊन थांबतात, जणू बाकीचे लोक त्यांच्या आगमनाची तयारी करण्यापुरतेच जन्मले होते. हे पटते. पण गोळीबाराचे काय? तेव्हा गुस्ताव्हो दियास ओर्दास राष्ट्राध्यक्ष होते, लुईस एचेव्हेरिया गृहमंत्री होते, आणि हेच एचेव्हेरिया १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. गोळी झाडली ती पगारी शिपायांनी, हुकूम दिला तो खुर्चीत बसलेल्या माणसांनी. पाच शतकांपूर्वीच्या वेदीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, की खुर्चीवरची माणसे सुटतात. राष्ट्रीय स्वभावाच्या कल्पनेत मला धोका दिसतो तो हा. ‘आमचे लोक असेच’ हे वाक्य आपणही रोज म्हणतो, आणि ते म्हटल्यावर कोणालाच काही करावे लागत नाही.

१९८७ मध्ये रोजेर बार्त्रा या समाजशास्त्रज्ञाने या सगळ्या वाङ्मयाची झकास खोड काढली. मेक्सिको शहरातील सोचिमिल्कोच्या पाण्यात आशोलोत्ल नावाचा एक उभयचर प्राणी असतो. बेडकाचे पिल्लू जन्मभर पिल्लूच राहावे, तसा हा आपल्या बालरूपातच म्हातारा होतो. विचारवंतांनी रंगवलेला मेक्सिकन हा असा आहे, बार्त्रा म्हणतो. खेड्यातून निघाला पण शहरात पोचला नाही, कायमचा अर्धवट, कायमचा उदास. आणि असा माणूस राज्यकर्त्यांना फार सोयीचा.

मग मेक्सिको कोठे वाचावा? पाझ वाचूच नये असे मी म्हणणार नाही. एखादी थोर कादंबरी वाचावी तसा वाचावा. पण त्याच्या शेजारी ज्यांत एकच माणूस बोलत नाही अशी पुस्तके ठेवावीत. त्लातेलोल्कोवर एलेना पोनियातोव्स्का यांनी १९७१ मध्ये काढलेले पुस्तक घ्या. विद्यार्थी, आया, कैदी, सैनिक, ज्याने त्याने आपले सांगितले; लेखिकेने ते शेजारी शेजारी मांडले. किंवा हुआन रुल्फोची १९५५ ची छोटी कादंबरी ‘पेद्रो पारामो’ : बापाच्या शोधात कोमाला गावी गेलेल्या मुलाला तेथे केवळ मेलेल्यांचे आवाज ऐकू येतात. येथे मृत्यूशी थट्टा नाही. एका जमीनदाराने हाताची घडी घालून उपाशी मारलेले गाव आहे, आणि कोणी मारले याविषयी रुल्फोच्या मनात संदेह नाही.

मला सर्वांत जवळची वाटते ती रोसारियो कास्तेल्यानोस यांची १९५७ ची ‘बालून कानान’. चियापास प्रांतातील एका जमीनदार घरातली सात वर्षांची मुलगी बऱ्याच भागात कथा सांगते. कादंबरीत तिला नावच नाही. तिला वाढवले ते एका आदिवासी दाईने, जिने तिला आपल्या लोकांच्या कथा सांगितल्या. जमिनी वाटण्याचे कायदे येतात, घर हादरते, धाकटा भाऊ मरतो, दाईला घालवून दिले जाते. शेवटाकडे ही पोर हमरस्त्याने चालली असता पलीकडून एक आदिवासी बाई येताना दिसते. आपली दाईच, असे वाटून ती हात पसरून धावत सुटते. बाई नुसती पाहत राहते. पोरीचे पाय मंदावतात, हात खाली येतात. दाई भेटली तरी आता आपण तिला ओळखणार नाही, असे तिच्या मनात येते. आणि घरातल्या मोठ्यांकडून शिकलेली एक गोष्ट ती स्वतःशी म्हणते, की या लोकांचे सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात.