रणांगणाचा जमाखर्च

संगणकावर खेळावयाच्या एका लढाईच्या खेळाचे परीक्षण या पृष्ठांत पाहून आमच्या काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहो. नाटक, कादंबरी, काव्य यांची चर्चा चालावी तेथे पोरांच्या करमणुकीस जागा कशास, असे ते विचारतील. पण बोलपट नवा होता तेव्हा त्याविषयीही असेच विचारणारे होते, आणि आज चित्रपटाच्या परीक्षणास कोणी नाक मुरडीत नाही. ज्या कृतीपुढे आपल्याकडील तरुण रात्रीच्या रात्री बसून काढतात, ती त्यांच्या मनास कोणते वळण लावते हे पाहणे समीक्षकाचे काम नव्हे, तर मग कोणाचे?

प्रस्तुत खेळाचे नाव 'द बॅटल फॉर मिडल-अर्थ'. मराठीत म्हणावयाचे तर 'मध्यभूमीचा संग्राम'. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ साली तीन खंडांत निघाली. तीवरून पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडात काढलेले तीन चित्रपट २००१, २००२ व २००३ अशा लागोपाठच्या वर्षी आले. शेवटच्याने अकरा ऑस्कर पारितोषिके मिळविली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने २००४ च्या डिसेंबरात बाजारात आणलेला हा खेळ कादंबरीवरून नव्हे, तर या चित्रपटांवरून बेतलेला आहे. गडांची बांधणी, वीरांचे चेहरे, सारे पडद्यावरचेच. चित्रपट पाहून झाला की त्यातील लढाई आपण स्वतः लढावी, ही हौस केवळ सातासमुद्रापलीकडची आहे असेही नव्हे. 'बाहुबली'वरून बंगळूरच्या मूनफ्रॉग लॅब्ज या कंपनीने २०१७ साली मोबाइलवरील लढाईचा खेळ काढलाच होता.

मूळ कथा बहुतेकांस ठाऊक असेल. साऱ्या जगावर सत्ता चालविण्याची शक्ती एका अंगठीत आहे आणि ती नष्ट करावयास एक लहानशी मंडळी निघाली आहे. त्यांच्या बाजूस गॉन्डोर व रोहान ही माणसांची राज्ये. विरुद्ध बाजूस सॉरॉनचे मॉर्डोर आणि त्यास फितूर झालेल्या सारुमान या मांत्रिकाचे आयसेनगार्ड. खेळणाराने या चारांपैकी एकाचे सेनापतित्व पत्करावयाचे. पण सेनापतित्व म्हणजे तलवार चालविणे नव्हे. शेते बसवावयाची, लोहारशाळा उभारावयाची, येणाऱ्या द्रव्यातून पथके उभी करावयाची, ती तटावर कोठे ठेवावयाची व केव्हा बाहेर काढावयाची हे ठरवावयाचे. थोडक्यात, खेळणारा हा राजा कमी आणि कारखानीस व फडणीस अधिक असतो.

खेळाचे गुण आम्ही आधी सांगतो, कारण ते खरोखर आहेत. छावणीत किंवा गडात इमारतींस जागा मोजक्याच ठेवल्या आहेत. एक शेत वाढविले तर एक तबेला कमी होतो. या टंचाईने प्रत्येक निर्णयास धार येते. वृत्ताचे बंधन कवीस जाचते आणि तेच त्याच्याकडून नेमका शब्द काढून घेते, तसाच हा प्रकार आहे. दुसरा गुण याहून मोठा. या खेळातील सैनिकांस मन दिले आहे. शत्रू पळाला की ते आरोळ्या ठोकतात, चिडवतात. काळे स्वार आपल्या पंखधारी वाहनांवरून डोक्यावर आले की भयाने गारठतात. एका लढाईतून वाचलेली पथके पुढच्या लढाईस आपल्याबरोबर येतात. रोहानच्या ज्या शेतकऱ्यांच्या हाती पहिल्या दिवशी केवळ शेतीची अवजारे होती, त्यांचे एखादे पथक तीन-चार रणांगणांतून तावूनसुलाखून निघाले की त्याचा जीव वाचावा असे खरोखर वाटू लागते. बुद्धिबळाच्या प्याद्याविषयी असे कधी कोणास वाटले आहे काय?

आता आमचा आक्षेप. तो असा की, चित्रपटाने ज्या ज्या वस्तूस अमोल मानले त्या त्या वस्तूस या खेळाने किंमत लावली आहे. बोरोमिर याचेच उदाहरण घेऊ. चित्रपटात अंगठीच्या मोहास हा वीर क्षणभर बळी पडतो, आणि लागलीच त्या पापाचे क्षालन म्हणून दोघा दुर्बळ सोबत्यांचे रक्षण करताना बाणांनी विद्ध होऊन मरतो. त्याचे मरण हीच त्याची शुद्धी. खेळात शुभपक्षाची मोहीम चालविणाराने अॅमॉन हेनच्या टेकडीवर चपळाई केली तर बोरोमिर वाचतो व पुढच्या लढायांत उपयोगी पडतो. आम्हीही त्यास वाचविले, आणि क्षणभर धन्य झाल्यासारखे वाटले. पण थोड्याच वेळात ध्यानात आले की, आपल्या हाती आता एक बलवान शिपाई आहे, बोरोमिर नाही. तो मोहास का पडला, त्याने कशाने प्रायश्चित्त घेतले, या गोष्टींस खेळात अर्थच उरला नाही. इतर वीरांचेही तसेच. रणात पडलेला वीर काही काळाने, ठराविक द्रव्य मोजले की गडातून पुन्हा बाहेर येतो. तेव्हा त्याचे पडणे हा शोकाचा विषय न राहता खर्चाची बाब होते.

न. चिं. केळकर यांनी १९२१ सालच्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनात 'सविकल्प समाधि'ची उपपत्ती मांडली. वाचक आपले 'मी'पण न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी अवस्थेतून त्यास आनंद होतो, असा तिचा आशय. या उपपत्तीवर आक्षेप पुष्कळ झाले. पण खेळाच्या संबंधात ती फार उपयोगी पडते असे आम्हांस वाटते. चित्रपट पाहताना आपण बोरोमिर होतो आणि आपणही राहतो. खेळात आपण बोरोमिर कधीच होत नाही. आपण त्याचे धनी होतो. विकल्प वाढला आणि समाधि उणावली.

पण येथवरचे विवेचन कोठेही बसून लिहिता आले असते. आम्ही हा खेळ खेळलो तो बोईसरास, एका स्नेह्यांच्या बिऱ्हाडी. आणि तेथे आयसेनगार्डची बाजू घेऊन बसल्यावर जे मनात आले ते अन्यत्र आले असते किंवा नाही याची आम्हांस शंका आहे. चित्रपटात सारुमान फॅनगॉर्नचे अरण्य तोडून आपल्या भट्ट्या पेटवितो, तेव्हा प्रेक्षकाचे चित्त विव्हळ होते. वृक्षरूपी एन्ट चालून येऊन धरण फोडतात व आयसेनगार्ड बुडवितात, तेव्हा त्यास हर्ष होतो. खेळात आयसेनगार्डचा धनी आपण. लाकूडवखार उभारली की मजूर आपण होऊन झाडांकडे जातात, कुऱ्हाड चालवितात, मोळ्या घेऊन परततात. प्रत्येक मोळीगणिक खजिन्याचा आकडा चढतो. वखारीभोवतीचे हिरवे वर्तुळ हळूहळू बोडके होत जाते. आम्ही ते पाहिले, आणि दुसरी वखार कोठे बसवावी याचा विचार करू लागलो. तिकडे खिडकीबाहेर तारापूर औद्योगिक वसाहतीची धुरांडी दिसत होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचे जे गुणांकन केले, त्यात या वसाहतीचे नाव सर्वांच्या शिरोभागी होते.

येथे आमच्या आक्षेपास एक निराळे वळण लागते. किंमत लावण्याच्या याच वृत्तीने बोरोमिरची कथा निःसत्त्व केली खरी, पण अरण्याच्या बाबतीत तिने चित्रपटास न साधलेली गोष्ट साधली आहे. चित्रपट आपणांस सारुमानचा द्वेष करावयास शिकवितो, आणि द्वेष करणे फार सोपे आहे. द्वेष करणारा स्वतः निर्दोष राहतो. खेळ आपणांस सारुमानच्या गादीवर बसवितो आणि दाखवून देतो की झाडे तोडावयास क्रौर्य लागत नाही. शत्रू वेशीशी आला आहे, पथके अपुरी आहेत, खजिना रिता आहे, आणि झाड समोर उभे आहे. एवढे पुरते. प्रत्येक कुऱ्हाडीस तिच्यापुरते सयुक्तिक कारण असते. मुंबई, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतून जाणाऱ्या जलदगती रेल्वेसाठी सुमारे वीस हजार तिवरे तोडण्यास उच्च न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरात अनुज्ञा दिली. तोडलेल्यांच्या पाचपट झाडे लावण्याची हमी त्या वेळी देण्यात आली होती. ही रेल्वे व्हावी किंवा न व्हावी हा वाद आमच्या कक्षेबाहेरचा आहे. पण मृत वीर द्रव्य मोजून परत मिळतो आणि तुटलेले कांदळवन पाचपटीने परत मिळते, या दोन्ही हिशेबांची वही एकच आहे, हे खेळणाराच्या ध्यानी आल्यावाचून राहत नाही. खेळात तोडलेले झाड पुन्हा उगवत नाही. तेवढ्यापुरता खेळ अधिक प्रामाणिक म्हणावयास हवा.

लढाईच्या बाबतीत मात्र हा प्रामाणिकपणा खेळात नाही, आणि तेही याच भूमीवर उभे राहून तपासता येते. बोईसरापासून काही कोसांवर समुद्रकाठी तारापूरचा किल्ला आहे. त्याच्या आत आज नारळीची झाडे डोलतात. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ च्या जानेवारीत, मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. हेल्म्स डीपच्या वेढ्यात जे जे आहे ते बहुतेक सारे त्या मोहिमेतही होते: शिड्या, तटावरचा मारा, आणि वसईस तर तटाच्या बुडाशी पेरलेले सुरुंगसुद्धा. परंतु तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. चिमाजी अप्पांपाशी तोफा होत्या, माणसे होती, पुढे मे महिन्यात वसईही मिळाली. पण बाजी भिवराव कोणत्याही द्रव्याने परत मिळावयाचे नव्हते. वेढ्याचे चित्र काढावयाचे आणि त्यातून ही एक गोष्ट वगळावयाची, म्हणजे तटाचे चित्र राहते, वेढ्याचे नव्हे.

याच कंपनीने २००६ साली या खेळाचा दुसरा भाग काढला. त्यात इमारतींच्या जागांचे बंधन उठविले. खेळणारांस ते रुचले असेल, आम्हांस पहिल्याची ओढाताणच अधिक रसवती वाटते. पण त्यातील एका युक्तीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. या दुसऱ्या भागात रणांगणावर गॉलम हिंडत असतो. त्यास मारून अंगठी हस्तगत करावी, ती गडात आणावी, भरपूर द्रव्य ओतावे, म्हणजे शुभपक्षास गॅलाड्रिएल ही राणी अंगठीच्या सामर्थ्यासह प्रकट होते आणि शत्रूची दाणादाण उडविते. कादंबरीत व चित्रपटात याच राणीपुढे अंगठी आपण होऊन येते आणि ती नाकारते. तिचे सारे मोठेपण त्या नकारात आहे. खेळाने तो नकार पुसून टाकला, आणि त्या जागी दर मांडला. कथेचा कणाच विकावयास काढणारी अशी कल्पना ज्यास सुचली तो कुशल कारागीर असेल, पण त्याने मूळ कथा वाचली होती काय, हा प्रश्न आम्हांस पडतो.

कंपनीने दोन्ही खेळांची जाळ्यावरून परस्परांशी लढण्याची अधिकृत सोय फार पूर्वीच बंद केली आणि दुकानांतूनही ते नाहीसे झाले. जगभरच्या हौशी मंडळींनी डागडुजी करून ते चालते ठेवले आहेत. ज्यांस जुनी तबकडी मिळेल त्यांनी पहिला भाग खेळून पाहावा, आणि निदान एक मोहीम आयसेनगार्डकडून चालवावी, अशी आमची शिफारस आहे.