छ्याण्णव तासांचा मासा

मोहोपाड्याच्या शाळेत पाण्याचे प्रदूषण शिकवायचे म्हटले की शिक्षकाचे बोट आपोआप पाताळगंगेकडे वळते. रसायनीचे कारखाने शेजारीच असल्यामुळे ते साहजिकही आहे. फळ्यावर एक नळ काढला जातो आणि त्याखाली पोट वर करून तरंगणारा मासा. विष किती, याचे माप म्हणून ९६ तासांची कसोटी सांगितली जाते. माझा आक्षेप या मापावर आहे.

पर्यावरण संरक्षण नियमांतील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत ही कसोटी आहे : पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. कसोटी सोपी आहे, प्रामाणिक आहे. एखाद्या रसायनाची विषारीताही याच मुदतीत मोजतात : किती मात्रेला निम्मे मासे मरतात? घोटाळा पुढे होतो. हा आकडा त्या रसायनाचा अंगभूत गुणधर्म आहे, जसा पाण्याचा उत्कलनबिंदू, असे आपण मुलांना शिकवतो. (उत्कलनबिंदूसुद्धा माथेरानवर बदलतो, हे मात्र आवर्जून सांगतो!) प्रत्यक्षात प्रयोगशाळेतल्या माशाला भरपूर प्राणवायू दिलेला असतो. झेब्रा माशाच्या अंड्यांवरील चाचणीची आंतरराष्ट्रीय पद्धत २०१३ साली ठरली. तिच्यातही पाण्यात प्राणवायू संपृक्ततेच्या निदान ८० टक्के असावा लागतो.

आता नदी सोडून खाचराकडे या. पहिल्या जोरदार पावसात वलगणीचे मासे ओहळांतून वर चढतात, उथळ पाण्यात अंडी घालतात. भाताची लावणी, आणि लावणीनंतर तीन-चार दिवसांत मारायचे ब्युटाक्लोरसारखे तणनाशक, हेही त्याच हंगामातले. हिशेब मुलांकडूनच करून घ्या. हेक्टरभर खाचरात पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे पाच लाख लिटर. त्यात एक किलो शुद्ध तणनाशक गेले, तर लिटरमागे दोन मिलिग्रॅम. बरेचसे मातीला चिकटते, म्हणून हा आकडा वरच्या टोकाचा धरावा. पण ब्युटाक्लोरच्या बाबतीत निम्मे मासे मारणारी मात्रा अनेक जातींसाठी लिटरला एक मिलिग्रॅमच्याही आत आहे, तीही प्राणवायू भरपूर असताना.

तीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. साचलेल्या पाण्यात रात्री शेवाळही तो वापरते, त्यामुळे पहाटे तो फार उतरतो. त्यातच मेलेले तण कुजू लागते आणि उरलासुरला प्राणवायू खाते. म्हणजे तणनाशक स्वतःच्या विषासाठी स्वतःच परिस्थिती तयार करते. पाठ्यपुस्तकात मात्र ‘विषारी द्रव्ये’ एका परिच्छेदात आणि ‘प्राणवायूची घट’ दुसऱ्यात.

दोन्हींची गाठ कशी पडते, हे मोठ्या माशात लॉइड यांनी १९६१ साली दाखवले. प्राणवायू कमी झाला की मासा कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवतो, त्याबरोबर विषही जास्त घेतो. तांबे, जस्त, फिनॉल यांची मारकता अशी वाढली. अंड्यातल्या जिवाची गोष्ट वेगळी. त्याला चालते कल्ले नाहीत, पळून जाता येत नाही. कवचातून झिरपेल तेवढ्याच प्राणवायूवर त्याचे भागते. तो कमी पडला की वाढ मंदावते. झेब्रा माशाचे कोवळे भ्रूण तर प्राणवायू पूर्ण तुटला तर वाढच थांबवून काही तास तग धरतात. ही युक्ती एरवी वाचवणारी. विषारी पाण्यात मात्र तिचा अर्थ त्याच पाण्यात अधिक काळ अडकून राहणे असाही होतो. शिवाय विषाचा निचरा करणाऱ्या कित्येक विकरांना प्राणवायू लागतो. याची दुसरी बाजूही आहे : काही रसायने शरीरात बदलल्यावरच विषारी होतात, तिथे मंदावलेली क्रिया काही काळ तारूही शकेल. म्हणूनच एका आकड्यावर भागत नाही.

आणि कसोटीत तरी काय मोजतात? मेला की जगला, एवढेच. जगून वाकड्या पाठीचे निघालेले पिल्लू तिच्या लेखी पास.

विंकलर पद्धतीची रसायने शाळेत असतील, तर जुलैत एकाच खाचराचे पाणी पहाटे आणि दुपारी तपासा. फळ्यावर मासा काढण्याआधी ते दोन आकडे लिहा.