मागच्या दारातून वाचलेल्या दोन गाड्या

गाडी पुढून बघायची आपली सवय. दिवे, जाळी, बोधचिन्ह, मग आत डोकावून डॅशबोर्ड. एस्टेट गाडी मात्र मागून वाचावी. तिचा पुढचा अर्धा भाग सेडानकडून आयता आलेला असतो: तेच बॉनेट, तीच काच, तेच पुढचे दरवाजे. बनवणाऱ्याला स्वतःचं काही सांगायचं असेल तर ते चालकाच्या पाठीमागे सुरू होतं. म्हणून स्टुटगार्टला भाच्याने दोन जुन्या गाड्या दाखवायला नेलं तेव्हा मी आधी वळसा घालून मागे गेलो.

एक 1991 ची मर्सिडीज 300 टीई, दुसरी 1993 ची बीएमडब्ल्यू 525आय टूरिंग. दोघींनी तिशी ओलांडलेली. जर्मनीत तीस वर्षं पार केलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी असेल, तर तिच्या नंबरच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर लागतं. ती ऐतिहासिक ठरते आणि वर्षाचा कर इंजिन कितीही मोठं असलं तरी ठरावीक, 191 युरोंच्या आसपास. भाच्याला दोन मुलं, सुट्टीत डोंगरात जायची हौस आणि जुन्या गाड्यांचं वेड. “मामा, एकच घ्यायची आहे. तू सांग,” म्हणाला.

मर्सिडीजचा चेहरा पुणेकराला परका नाही. हिचं सेडान भावंड 1995 पासून पुण्यात, टेल्कोच्या आवारात जुळवलं जात होतं. त्याआधी 1992 मध्ये टेल्कोने स्वतःची एस्टेटही आणली होती आणि ती रस्त्यावर दिसली की आम्ही थांबून बघायचो. पण मर्सिडीजची ही लांब पाठ आपल्याकडे कधी बनली नाही. ती ब्रेमेनच्या कारखान्यात बनायची. ‘टी’ हे अक्षर पर्यटन आणि वाहतूक या दोन जर्मन शब्दांचं आद्याक्षर, आणि पर्यटन आधी आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. 1977 मध्ये मर्सिडीजने कारखान्यातून पहिली एस्टेट आणली, तोवर असल्या गाड्या प्रामुख्याने दुकानदाराच्या आणि कारागिराच्या समजल्या जात. सामानाची गाडी सहलीची गाडी होऊ शकते, हे त्या एका अक्षरात ठामपणे सांगितलेलं आहे.

मागचं दार उघडलं. ते वर गेलं, पण दोन्ही बाजूंना नेहमी दिसणारे गॅसचे दांडे दिसेनात. ते छताच्या अस्तराआड ठेवलेले आहेत, म्हणजे कपाट आत सरकवताना कोपर कुठे अडत नाही. आतली जमीन सपाट आणि कडेची उंची कमी. जमिनीचा एक भाग उचलला तर त्यातून दोन माणसांची बैठक निघाली, तीही मागे तोंड करून. ही बैठक जास्तीचे पैसे मोजून घ्यावी लागे, पहिल्या मालकाने ती घेतली होती. एवढ्या एका तपशिलातून मला ते घर दिसलं. मुलं मागे बसलेली, त्यांच्यासमोर पुढे येणारा रस्ता नाही, मागे पडत जाणारा. मागच्या गाडीवाल्याला हात करणारी. आईबापांना ज्या गावाला पोचायचंय ते मुलांना सगळ्यात शेवटी दिसणार, पण जे मागे राहिलं ते सगळ्यात जास्त वेळ दिसणार.

मग भाच्याला म्हटलं, इंजिन चालू कर आणि इकडे ये. दोघं मागच्या कडेवर बसलो. आमच्या वजनाने गाडी खाली दबली. काही क्षण तशीच राहिली. आणि मग, झुल्याला कुणी अलगद हात द्यावा तशी ती आम्हा दोघांना घेऊन हळूहळू वर आली.

मागच्या चाकांपाशी पोलादी स्प्रिंग आहेतच, त्यांच्या जोडीला तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा आहे. इंजिनवर फिरणारा एक पंप, मागच्या अँटीरोल बारला जोडलेली एक बारीक काडी, त्या काडीने उघडझाप होणारी झडप, आणि नायट्रोजन भरलेले दोन गोल. पाठ दबली की काडी हलते, झडप उघडते, तेल आत जातं, पाठ पुन्हा सरळ. चालकाला बटण दाबावं लागत नाही, कळतही नाही. टी मालिकेत ही सोय सरसकट प्रत्येक गाडीत होती. ओझं आलं तरी चाल तीच राहावी, हेडलाइट आभाळाकडे वळू नयेत, यासाठी कुणीतरी इतका विचार केला आणि तो कुठे मिरवला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. जुन्या गाडीत या गोलांमधला वायू निघून जातो आणि मग प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. म्हणून या गाडीची पहिली परीक्षा चालवण्याआधीची, अशी कडेवर बसून घ्यायची. दुसरी परीक्षा गंजाची. 1989 नंतरच्या गाड्यांच्या कुशीला प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत. मुख्य डिझायनर ब्रुनो साको यांच्या नावावरून जर्मन लोक त्यांना ‘साकोच्या फळ्या’ म्हणतात. त्यांच्यामागे आणि जॅक लावायच्या जागी पत्रा तपासल्याशिवाय एक पैसा देऊ नये.

पुढच्या काचेवर एकच वायपर. तो नुसता गोल फिरला असता तर काचेचे वरचे कोपरे ओलेच राहिले असते. म्हणून फिरता फिरता त्याचा दांडा लांब होतो, कोपऱ्यापर्यंत जातो, मधोमध पुन्हा आखडतो आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे लांबतो. काचेचा 86 टक्के भाग पुसणारा हा एकटा हात पावसात बघत बसावा असा आहे.

बीएमडब्ल्यूची गोष्ट वेगळ्या माणसापासून सुरू होते. ऐंशीच्या दशकात कंपनीतल्या माक्स राइसब्योक नावाच्या तंत्रज्ञाला स्वतःच्या कुटुंबासाठी मोठी गाडी हवी होती. कंपनी तशी बनवत नव्हती. त्याने अपघातात ठोकलेली 3 सीरिज सेडान घेतली आणि मित्राच्या गॅरेजमध्ये कापून-जोडून तिची एस्टेट केली. वरिष्ठांनी ती पाहिली आणि 1987 मध्ये ती कारखान्याची गाडी झाली. 5 सीरिजची टूरिंग आली 1991 मध्ये, याच वाटेवरून.

तिच्या मागच्या दारातली काच वेगळी उघडते, आणि हीच या गाडीची सर्वांत सुंदर ओळ. भिंतीला खेटून गाडी लावली आहे, हातात भाजीची पिशवी आहे, अख्खं दार उघडायला जागा नाही. काच उचलली, पिशवी आत टाकली, काच मिटली. मर्सिडीजने ओझ्याचा विचार केला, बीएमडब्ल्यूने एका हाताने करायच्या कामाचा.

पण चालकाच्या जागेवर बसलो आणि पारडं हललं. डॅशबोर्डचा मधला भाग चालकाकडे वळवलेला आहे. अडीच लिटरचं, 24 व्हॉल्व्हचं, 192 अश्वशक्तीचं एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन आहे. या रचनेत पिस्टनचे हादरे एकमेकांना आपोआप मिटवतात, म्हणून वेग वाढतो तसा आवाज चढत जातो, पण स्टेअरिंगवर ठेवलेलं बोट थरथरत नाही. मर्सिडीजचं इंजिनही सहा सिलिंडरचंच आणि तीन लिटरचं, पण ते संथ, गद्य. घाटातल्या वळणावर बीएमडब्ल्यू विचारते, अजून थोडं जाऊ? मर्सिडीज विचारत नाही. तिची मागची चाकं पाच-पाच दांड्यांनी धरलेली आहेत, ती खराब रस्ताही परस्पर निस्तरते. मी एकटा असतो आणि तीस वर्षांनी लहान असतो, तर बीएमडब्ल्यूची किल्ली परत केली नसती.

भाच्याने विचारलं, “मग?” मी म्हटलं, मर्सिडीज घे. टूरिंग उत्तम गाडी आहे, पण तिने मागचा भाग सेडानला जोडलेला आहे, चालकाचा आनंद कुठेही कमी होऊ न देता. टी गाडी मागच्या भागापासून विचार करत पुढे आली आहे. तुझी मुलं आज सात आणि चार वर्षांची आहेत, त्या उलट्या बैठकीवर मावतील अशी वर्षं फार उरलेली नाहीत.

तो काही बोलला नाही. मागे गेला, दार खाली आणलं, हलकेच टेकवलं आणि हात काढून घेतला. बोटभर फट राहिली होती. आत कुठेतरी छोटी मोटर गुणगुणली, दाराने ती फट आपली आपण ओढून घेतली आणि ते बसलं. त्याने ते पुन्हा उघडलं, पुन्हा टेकवलं.