‘उंबरठा’मधली दुसरी बाई

जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ सालचा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर बेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. बाईनं घर आणि नोकरी यांचा मेळ कसा घालावा, हा विषय मराठीत निघाला की आजही सुलभा महाजनचं नाव निघतंच. सोबत एक ठरलेलं वाचनही येतं: घर आणि काम यांतलं एकच मिळणार होतं, सुलभानं काम निवडलं आणि घर गमावलं. कुणाला ती धाडसी वाटते, कुणाला आततायी. पण घर आणि काम ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत आणि तो तराजू बाईनंच हातात धरायचा असतो, हे दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं असतं.

हे वाचन आपण घरून सोबत नेतो. पडद्यावर जे घडतं ते जरा वेगळं आहे.

महाजनांचं घर सुस्थितीतलं आहे. नवरा सुभाष नावाजलेला वकील. सुलभाला संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षकाची नोकरी मिळते, तेव्हा घरातून विरोध होतो. समाजकार्यच करायचं तर ते इथे, शहरात राहून करता येईल, असा सूर असतो. मुलगी राणी लहान आहे. पण तिला सांभाळायची जबाबदारी जाऊ आपणहून घेते. म्हणजे सुलभा गेली म्हणून चूल थंड पडेल किंवा पोर उघड्यावर पडेल, अशी परिस्थिती या घरात नाही. ‘घराचं काय होईल?’ या प्रश्नाचं उत्तर ती बॅग भरण्याआधीच मिळालेलं आहे. तरीही विरोध संपत नाही, कारण तो कामाच्या खोळंब्यासाठी नव्हताच. घराच्या सोयीनं केलेली समाजसेवा चालणार होती. परगावी राहून, पगार घेऊन, अधिकाराच्या खुर्चीत बसून केलेलं तेच काम चालणार नव्हतं. अडचण परवानगीची होती, सांगितली गेली जबाबदारीची.

बाईपणाबद्दलच्या दंतकथा टिकतात त्या अशाच. बाईवाचून घर चालत नाही, हे वाक्य तिच्या कामाचा गौरव केल्यासारखं ऐकू येतं, म्हणून त्याच्याशी भांडणं अवघड जातं. पण ज्या घरात ते खरं नाही तिथेही ते तितक्याच ठामपणे म्हटलं जातं.

ज्या घरात खरोखरच ओढाताण आहे तिथे काय होतं, हे पाहायचं तर सत्यजित राय यांचा ‘महानगर’ घ्यावा. तो १९६३चा, नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवरचा. कलकत्त्यातलं निम्नमध्यमवर्गीय कुटुंब, बँकेतल्या सुब्रतचा पगार पुरत नाही, म्हणून त्याची बायको आरती दारोदार फिरून विणकामाची यंत्रं विकायला लागते. निवृत्त शिक्षक असलेल्या सासऱ्यांना ते सहन होत नाही. हळूहळू सुब्रतलाही तिचा आत्मविश्वास बोचू लागतो आणि तो तिला नोकरी सोडायला सांगतो. आरती राजीनामा द्यायला निघते. नेमकी त्याच दिवशी त्याची बँक बुडते आणि तो घाईघाईनं फोन करून सांगतो की राजीनामा देऊ नकोस. बाईची जागा घरात, हा सिद्धान्त एका फोनसरशी रद्द होतो. पैशाची गरज संपली की तो पुन्हा लागू झाला असता, यात शंका घ्यायचं कारण नाही. इतक्या सहज मागेपुढे करता येणाऱ्या गोष्टीला निसर्गनियम म्हणणं कठीण आहे.

दोन्ही चित्रपट आपल्याला नायिकेबरोबर घराबाहेर नेतात. ते योग्यच आहे. पण मागे राहिलेल्या घरात कोण काम करतं? ‘महानगर’मध्ये आरतीची सासू आणि शिकणारी नणंद. ‘उंबरठा’मध्ये जाऊ. सुलभा परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. प्रेक्षक त्या दुसऱ्या बाईबद्दल चाळीस वर्षं बोलत आले आहेत. माझ्या मते या गोष्टीतली खरी दुसरी बाई जाऊ आहे. ती नसती तर सुलभाचं जाणं इतकं निर्विवाद तत्त्वाचं राहिलं नसतं. चित्रपट तिच्याकडे मायेनं पाहतो, पण तिला काय हवं होतं हे विचारत नाही. आणि राणीचं कोण बघणार, याचं उत्तर शोधताना त्या मुलीच्या बापाकडे कुणाचीच नजर वळत नाही. सुभाषची वकिली आणि त्याचं बापपण यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न चित्रपटात नाही. तो न पडणं आपल्यालाही खटकत नाही.

सुलभाची तुलना इब्सेनच्या नोराशी करायची आपल्याकडे पद्धत आहे. ‘अ डॉल्स हाऊस’ १८७९चं. नोरा मुलांना सोडून जाते ती घरात जुनी दाई आहे या भरवशावर. याच दाईनं लहानपणी नोराला वाढवलं होतं आणि त्या कामासाठी स्वतःची मुलगी परक्यांच्या हाती सोपवली होती. नाटकात हे बोलता बोलता येऊन जातं. नोराच्या दार लावून घेण्याचा आवाज जगभर ऐकू गेला. दाईनं आपलं मूल सोडलं तेव्हा ते बंड नव्हतं, पोटापाण्याची सोय होती, म्हणून त्याला आवाज नाही.

ही साखळी तुटलेली नाही. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. मुळात असं काम करणाऱ्या बायका ८१ टक्के होत्या, पुरुष २६ टक्के. मग नोकरी करणारी बाई मेळ घालते तो कुणाच्या जोरावर? सासू, आई आणि दोन तासांत चार घरं उरकणारी कामवाली यांच्या. कामवालीच्या घरी तिचं मूल कोण पाहतं, तर बहुधा तिची थोरली मुलगी.

कायदाही याच समजुतीवर उभा आहे. प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७मधल्या दुरुस्तीनं पगारी रजा २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. चांगलं झालं. पण त्या पाळणाघरात दिवसातून चारदा जायची मुभा दिली ती फक्त बाईला. बाप मधल्या सुट्टीत मुलाला बघायला जाईल, ही कल्पनाच कायदा लिहिणाऱ्याला शिवलेली दिसत नाही. आणि घरकाम करणाऱ्या बाईला यातलं बहुतेक काहीच मिळत नाही.

यातलं काहीही सुलभाच्या जाण्याच्या हक्काविरुद्ध नाही. संगमवाडीला तिला जे दिसतं, आश्रमातल्या बायकांचा होणारा व्यापार आणि त्यात गुंतलेली प्रतिष्ठित माणसं, ते पाहण्यासाठी कुणीतरी जायलाच हवं होतं. शिवाय तिथे ती करते ते काम तरी कुठलं? सांभाळणं, खाऊपिऊ घालणं, भांडणं मिटवणं, आजारपणं काढणं. घरात ज्याला कर्तव्य म्हणतात त्यालाच तिथे पद आहे, पगार आहे आणि राजीनामाही देता येतो. जावेला यातलं काहीच नाही. शेवटी सुलभा आगगाडीत बसते तेव्हा आपण तिच्यासोबत निघतो. राणी मात्र त्या घरातच आहे, आणि उद्या सकाळी तिला उठवून शाळेसाठी तयार करायचं आहे. ते कोण करणार हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच आपल्याला ते विचारावंसं वाटत नाही.